सोडलेली सुई

शैलाच्या पोटावरचं यंत्र वाजायला लागलं की आमच्या आळीतली मांजरंसुद्धा कान टवकारायची. बारीक, किरकिरी शिट्टी होती त्याची. औषध संपत आलं की वाजायचं, नळी तुंबली की वाजायचं, सेल उतरला तरी वाजायचं. सांगलीत आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरात भिंत एकच. पलीकडून शिट्टी आली की मी हातातलं लाटणं तसंच धरून ओरडायची, "शैले, जावई रुसला गं!" आणि पलीकडून ती म्हणायची, "व्हय काकी, मान मागतोय. देते."

जावई म्हणजे तिचा इन्सुलिनचा पंप. नाव तिनंच ठेवलेलं. एकदा विचारलं, का गं असं नाव? तर म्हणाली, "बगा की. घरात आणायला लय खर्च. ऊन लागलेलं चालत न्हाई, पाणी लागलेलं चालत न्हाई. दर तिसऱ्या दिवशी नवं कोरं लेणं पायजे. एवढं करून कवा रुसंल त्याचा भरवसा न्हाई. मग जावईच की ह्यो!"

आता भिंतीपलीकडं काही वाजत नाही. मी मात्र अजून पोळी लाटताना मध्येच थांबते, कान देते, आणि मग पुन्हा लाटायला लागते.

शैला शाळेत बाई होती. अंगानं काटकुळी, चालणं तुरुतुरु, बोलणं त्याहून तुरुतुरु. कोपराला कायम खडूची भुकटी. चौथीत असताना तिला मधुमेह झाला. आम्हा म्हाताऱ्यांना होतो तो वेगळा, गोळीवर भागतो. हिच्या शरीरात इन्सुलिन बनायचंच बंद झालं होतं. बाहेरून मिळालं तर जगायचं, नाही मिळालं तर नाही. इतकं सरळ. लहानपणापासून रोज सुया. मांड्या, दंड, पोट, कुठं जागा म्हणून राहिली नव्हती. मग करोनाच्या आधी कधीतरी हा पंप आला. तपकिरीच्या डबीपेक्षा थोडा मोठा, काळा. त्यातून एक बारीक नळी निघून पोटाला चिकटायची, ती दर तिसऱ्या दिवशी नवी बसवायची, आणि रात्रंदिवस थेंब थेंब औषध आत जायचं. जेवायच्या आधी बटण दाबून जास्तीचं घ्यायचं.

परकराला त्याच्यासाठी आतून खिसा मीच शिवून दिला होता. खिसा बसवताना तिनं मला एक गोष्ट सांगितली, ती तेव्हाच माझ्या मनात रुतली. म्हणाली, "काकी, सुईनं घ्यायचे त्यातलं एक औषध दिवसभर अंगात पुरायचं. ह्याचं तसं न्हाई. ह्यो लागंल तेवढंच देतो. थांबला की माझ्या अंगात मागं शिल्लक काय न्हाई."

"मग थांबला तर गं?"

"शिट्टी वाजवतो की!" असं म्हणून ती हसली.

माणसाच्या ताटाकडं बघून तिला आकडा दिसायचा. भाकरी दिसली की "पस्तीस". भात दिसला की आधी ढीग केवढा आहे ते बघायची, मग आकडा. त्यात पिठूळ-गोड किती, त्यावर औषध किती, हे सगळं तिच्या डोक्यात चालायचं. माझ्या घरी पाहुणे जेवायला बसले की ही दारात उभी राहून त्यांच्यासुद्धा ताटांचे आकडे पुटपुटायची. मी डोळे वटारायची. "खोड हाय काकी," म्हणायची. "हिशोब लागला की भ्या वाटत न्हाई."

एकदा लग्नाच्या पंगतीत जिलेबी आली. हिनं कमरेचा पंप काढला आणि बटणं दाबायला लागली. समोरच्या पंगतीत एक म्हातारी होती, ती म्हणाली, "काय बाई ही आजकालची माणसं! जेवताना तरी मोबाईल ठेव की गं."

"मोबाईल न्हवं मावशी. जावयाला इचारतीया, जिलेबी खाऊ का म्हणून."

म्हातारीचा घास हातातच राहिला. "मग? काय म्हनतोय?"

"दोन खा म्हनतोय."

हात धुवायच्या नळावर ती म्हातारी दुसरीला सांगत होती, त्या मास्तरीणबाईंचा जावई लय कडक हाय बाई, जिलेब्यासुद्धा मोजून देतो. शैला माझ्या पाठीमागं पदर तोंडात धरून उभी. तिला मूलबाळच नव्हतं, जावई कुठला यायला.

हसायला सांगते आहे खरी, पण तिच्या हसण्याखाली एक गोष्ट होती. ती कळायला मला तिच्या माहेरी जावं लागलं.

तिचं माहेर माण तालुक्यातलं. ऊन आणि मेंढरं. तिची आई, तिला सगळे आक्का म्हणायचे. लहान असताना घरात फ्रीज कुठला? आक्का इन्सुलिनची बाटली छोट्या मडक्यात घालायची, ते मडकं ओल्या वाळूत पुरायची, आणि स्वतः प्यायला पाणी नसलं तरी त्या वाळूवर पाणी शिंपडायची. सुई टोचायचीही तीच. शैला मेंढरांच्या वाड्यात जाऊन लपायची. मेंढरं एका कोपऱ्यात दाटली की आक्काला कळायचं, पोरगी कुठं आहे ते. हाताला धरून बाहेर काढायची, टोचायची, आणि मग दोघी उंबऱ्यावर बसून रडायच्या.

माळावर त्यांची देवी आहे. तिला आक्कानं नवस बोलला होता, पोरीच्या अंगाची सुई सुटली तर तुला चांदीची सुई वाहीन.

पंप बसल्यावर आक्का सांगलीला आली. लेकीच्या पोटावरच्या त्या काळ्या डबीला तिनं कपाळ टेकवलं. मग सराफकट्ट्यावर जाऊन चांदीची सुई घडवून घेतली. नवस फेडायला मला बरोबर नेलं. देवळात गुरवानं सुई दोऱ्यात ओवून देवीच्या पायाशी बांधली. इथवर सगळं ठीक होतं. पण काशीला जाऊन लोक एखादं आवडतं फळ सोडतात ना, तशी आक्कानं तिथं सुई सोडली. हात जोडून मोठ्यानं म्हणाली, "आई, सुटली. आता हिच्या अंगाला पुन्यांदा त्या औषधाची सुई लागली, तर तू दिलेलं तू माघारी घे."

गुरवाचे हात थांबले. म्हातारा पुटपुटला, "आक्का, एवढं बोलायचं नसतं गं." पण बोलून झालं होतं. मी शैलाकडं बघितलं. भर उन्हाळ्यात तिच्या हातावर काटा उभा राहिलेला मला दिसला.

त्याच वर्षी आक्का गेली.

नवस बोलणाऱ्या माणसाला तो बदलता येतो. देवीपुढं नाक घासून, दंड भरून, काहीतरी वाट निघते. पण बोलणारीच गेली की शब्द तिथंच राहतो.

डॉक्टर तिला दर खेपेला बजावायचे, इन्सुलिनचं पेन घरात ठेवायचंच, पंपाचं काही झालं तर लगेच टोचायचं. पेन म्हणजे सुईच की. ही मान डोलवायची आणि आणायची नाही. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, "अगं, ती नळी पोटात बसवताना सुई टोचतेसच ना?"

"ती नुसती वाट करून देती नि माघारी येती. औषध तिच्यातनं जात न्हाई. आक्कानं औषधाची सुई सोडलीया."

"तू पोरांना विज्ञान शिकवतेस ना गं?"

"शिकवते की. चांगलं शिकवते." मग म्हणाली, "काकी, मला सगळं कळतंय. पण पेन हातात घेतलं की आक्काचा आवाज येतो. तू दिलेलं तू माघारी घे. तुमी ऐकलाय न्हवं तो आवाज? मग?"



एका संध्याकाळी तिची नळी साडीच्या निऱ्यांत दुमडली. शिट्टी वाजेपर्यंत बराच वेळ गेला होता. नवी नळी बसवून तिचं ती सावरली, पण दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर तिचा नवरा माझ्याकडं आला. दत्ता, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला. ताठ माणूस. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढं धरून म्हणाला, "काकी, हे तुमच्या फ्रीजमधी ऱ्हाऊ द्या. तिला कळू देऊ नका."

पेन होतं.

"फौजेत एकल्या मशीनवर कुणाला सोडत न्हाईत," तो म्हणाला. "मागं स्टँडबाय असतो."

मी ते स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि वर कढीपत्ता घातला. जुनं झालं की दत्ता गुपचूप नवं आणायचा. मला वाटायचं, शैलाला पत्ता नाही. मग एकदा मी भाजी फोडणीला टाकलेली, म्हटलं, शैले, फ्रीजमधला कढीपत्ता दे गं. म्हटल्यावर मला आठवलं, त्या डब्यात काय आहे ते. तिनं डबा उघडला. आत बघितलं. वरची दोन पानं माझ्या हातात दिली, डबा पुन्हा लावला, जागेवर ठेवला.

"काकी," म्हणाली, "कढीपत्ता वाळला तुमचा." आणि गेली.

तेव्हापासून तो फ्रीज उघडताना मला उगाच कुणीतरी आत बसल्यासारखं वाटायचं.

गेल्या चैत्रात देवीची जत्रा होती. दरवर्षी जायची ती. त्या खेपेला मलाही घेऊन गेली. तिचा भाऊ नाना जीप घेऊन दहिवडीच्या स्टँडवर आला होता. ऊन असं, की जीपच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. दत्तानं निघायच्या आधी माझ्या फ्रीजमधून पेन काढून बर्फाच्या थर्मासात घातलं होतं. तो थर्मास तो कुणाच्या हातात देत नव्हता. पाणी मागितलं तरी नाही. शैला एकदा त्या थर्मासाकडं बघायची, एकदा त्याच्याकडं, आणि खिडकीबाहेर बघत राहायची.

पालखी दुपारी निघाली. माहेरवाशिणींनी पालखीपुढं अनवाणी चालायचं, ही तिथली रीत. शैला चालली. देवळापासून माळावरच्या पाण्याच्या टाक्यापर्यंत आणि परत. पंप कमरेला, नळी साडीखाली, वरून ऊन ओतत होतं. आणि तिच्या जादा औषधाची पिशवी, ओल्या फडक्यात गुंडाळून घेतलेली, ती नानाच्या जीपमध्ये राहिली. जीप उन्हात, काचा बंद. नानाला वाटलं पिशवी घरात नेली, घरच्यांना वाटलं ती शैलापाशी आहे.

इन्सुलिन उन्हानं नासतं. दिसायला तसंच राहतं, पाण्यासारखं. वासही बदलत नाही. फक्त त्यातला जीव जातो.

संध्याकाळी तिची साखर चढलेली निघाली. तिनं बटण दाबून जास्त औषध घेतलं. उतरली नाही. नळी बदलली, नव्या बाटलीतून पंप भरला. बाटली त्याच पिशवीतली. पुन्हा बटण. मी शेजारी बसले होते. ती पंप कानाजवळ धरून ऐकत होती.

"काय म्हणतोय जावई?" मी विचारलं.

"काय न्हाई. गप हाय." तिच्या कपाळावर आठी होती. "तुंबला असता तर वाजला असता. वाजत न्हाई म्हंजे जातंय."

खरंच जात होतं. यंत्रात काही बिघाड नव्हता. नासलेलं औषध ते इमानानं थेंब थेंब देत होतं.

रात्रभर तिला उलट्या झाल्या. भावकीतल्या बाया म्हणाल्या, ऊन बाधलं. एकीनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. सकाळी मी तिच्या तोंडाशी वाकले तर श्वासाला पिकून उतरलेल्या पेरूसारखा वास येत होता. आणि श्वास कसा? लोहाराच्या भात्यासारखा. खोल, जोरात, सारखा.

दत्तानं थर्मास उघडला. "शैला, आता बास. घे."

"न्हाई."

"मग दवाखान्यात चल."

"तिथं बी सुईच." ओठ कोरडे पडले होते, शब्द तुटत होते. पण डोळे शाळेतल्या बाईंचे. "आईला इचारा. कौल लावा. तिनं दिली परवानगी तर घेते."

नाना जीप आणायला पळाला. जत्रेच्या गाड्यांनी जीप चहूबाजूंनी कोंडली होती. तोवर आम्ही तिला धरून देवळात नेलं. देऊळ घरासमोरच. गुरवानं एक नजर तिच्याकडं टाकली आणि काही न विचारता ओल्या फुलांची परडी पुढं ओढली. तिथं कौल असा लावतात. ओलं फूल देवीच्या छातीवर चिकटवायचं आणि सवाल करायचा. उजवीकडं पडलं तर होकार, डावीकडं पडलं तर नकार. पडेपर्यंत थांबायचं.

गुरव म्हणाला, "आई, हिच्या आईनं तुझ्याम्होरं सुई सोडलीया. लेकराला आता ती घ्यावी लागतीया. घ्यायची असंल तर उजवा दे."

पांढरं फूल देवीच्या छातीवर चिकटलेलं. आम्ही सगळे त्याच्याकडं कितीतरी वेळ बघत उभे. बाहेर हलगी वाजत होती, आत फक्त शैलाचा श्वास. खांबाला टेकून बसली होती ती. पायाशी बांधलेली चांदीची सुई काळी पडली होती. दत्ता पेन हातात घेऊन, टोपण काढून, ताठ उभा. हुकमाची वाट बघणारा शिपाई जसा उभा राहतो तसा.

"शैला," तो म्हणाला. "मी तुझ्या पाया पडतो."

"थांबा की," ती म्हणाली. तिची नजर फुलावरून घसरून नैवेद्याच्या ताटावर गेली. ताटात पुरणाची पोळी होती. ओठ हलले. मी कान नेला. "साठ," म्हणत होती. "तूप लावलंय... साठ." आणि हात कमरेच्या खिशाकडं गेला. पंपाचं बटण शोधत होता तो हात.

मग ती खांबावरून सरकली.

आम्ही सगळे तिच्याकडं धावलो. दत्तानं गुडघ्यावर बसून साडीवरूनच तिच्या मांडीत पेन खुपसलं. "आई, माघारी घ्यायचं तर माझं घे," असं म्हणाला तो, अगदी हळू, पण मी शेजारी होते म्हणून ऐकलं. बाहेर नानाच्या जीपचा हॉर्न वाजला. चौघांनी तिला उचललं आणि मागच्या बाकावर घातलं. डोकं दत्ताच्या मांडीवर. बाया-माणसं चढली तर तिला आडवं पडायला जागा उरेना, म्हणून मी खालीच राहिले.

मागच्या फळकुटाला धरून मी वाकले. तिनं डोळे उघडले. मला ओळखलं.

"काकी... वाजली का?"

"न्हाई गं."

"मग..." तिचा अंगठा पंपावर होता. काळ्या डबीवरचा बारका हिरवा दिवा लुकलुकत होता. "मग जातंय."

जीप हलली. गर्दी दोन्हीकडं सरकली, जीप गेली की पुन्हा मिटली. धुरळ्यात तो हिरवा ठिपका मला जरा वेळ दिसत होता की मला तसं वाटलं, ते देवाला माहीत.

तिच्या चपला आणि पिशवी आणायला मी पुन्हा देवळात गेले. गुरव गाभाऱ्याच्या पायरीवर बसला होता. त्यानं मान वर केली नाही, नुसतं बोट दाखवलं.

देवीच्या छातीवर फूल नव्हतं. खाली पडलं होतं. उजवीकडं.

"कवा पडलं?" मी विचारलं.

"न्हाई बगितलं बाई. तुमी?"

मी मान हलवली. ती खांबावरून सरकली तेव्हा आम्ही सगळे तिच्याकडं वळलो होतो. पण त्याच्याही आधी, ती पोळीकडं बघून पुटपुटत होती तेव्हा, दत्ता पाया पडतो म्हणाला तेव्हा, आम्ही कुठं बघत होतो? मी फूल उचललं. लावलं तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं. आता पाकळ्या कडेनं वळून कोरड्या झाल्या होत्या, पडून बराच वेळ झाल्यासारख्या.

साताऱ्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. दत्ताचा फोन मला दुपारी आला. मी नानाच्या ओसरीवर बसले होते, फूल मुठीत होतं. "गेली," एवढंच म्हणाला. मागं दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. मला वाटलं फोन ठेवायचा विसरला. तेवढ्यात म्हणाला, "काकी, मी सुई दिली तिला. आक्काचा शब्द मी मोडला."

"दत्ता, कौल उजवा पडला रं."

"उजवा?"

"उजवा. माझ्या हातात हाय फूल."

"कवा पडला?"

मी मूठ उघडली. वाळलेल्या पाकळ्या तळहाताला चिकटल्या होत्या.

"तू सुई दिलीस," मी म्हणाले, "तवाच पडला."